गिळा एकदाचं

"आता गिळा," ती मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली आणि वहिनींनी दचकून पर्स छातीशी धरली.

वहिनींच्या घरात हा शब्द गोड आवाजात कुणी कधी काढला नव्हता. जेवा म्हणत, खाऊन घ्या म्हणत, पाहुण्यांना तर 'तुम्ही काहीच घेतलं नाहीत' म्हणत. 'गिळा' यायचा तो भांड्यांच्या आदळआपटीसोबत. त्यांचे यजमान, म्हणजे साहेब, जेवायला बसले की पहिला घास तोंडात घोळवत डोळे मिटून घेत. दुसरा घास, पुन्हा तेच. ताट निवून जाई. मग वहिनी ओट्यापासून ओरडत, "परीक्षा पुरे झाली! गिळा एकदाचं!" आणि साहेब दचकून गिळत. अडतीस वर्षं हा कार्यक्रम रोज बिनचूक होत आला होता आणि त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नव्हतं.

इथे रुग्णालयात मात्र तिशीतली एक परकी मुलगी हातात चमचा धरून "गिळा हं साहेब" म्हणत होती. वर हसतही होती.

साहेबांनी चमच्यातलं दाट केलेलं पाणी तोंडात घेतलं. घेतलं म्हणजे ओढलं. सुर्रर्र असा आवाज झाला की बाहेरून जाणारी नर्स दारात थबकली. गाल फुगले, जीभ आत फिरली, डोळे मिटले. मग साहेबांनी मान डावीकडे वळवली आणि तोंडातलं सगळं टेबलावरच्या पेनांच्या डब्यात थुंकलं. एकच थेंब बाहेर पडला, तोही ओठ उजवीकडे जरा ओघळला होता म्हणून.

"अगं बाई!" वहिनी म्हणाल्या.

मुलीने शांतपणे पेनं उचलून पुसली. "नेम चांगला आहे," ती म्हणाली. "पण काकू, हे काय होतं?"

"ते त्यांचं काम होतं," वहिनी म्हणाल्या.

आता हे काम सांगायलाच हवं. साहेब एका मोठ्या चहा कंपनीत चहा चाखायचे. लांबलचक खोली, उत्तरेकडे खिडक्या, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत टेबलावर पांढऱ्या कपांची रांग. साहेब रांगेच्या एका टोकाला उभे राहत. एका हातात गोल खोलगट चमचा, आणि डावीकडे त्यांच्याबरोबर सरकणारी चाकांची पिकदाणी. चमचा बुडवायचा, हवेसकट सुर्रकन ओढायचा, तोंडभर फिरवायचा, थुंकायचा, एक शब्द बोलायचा. पाठीमागून कारकून तो शब्द लिहून घ्यायचा. कडक. पोकळ. भाजका. शिळा. उजळ. हिरवट. पुढचा कप. दिवसाला तीनशे कप, आणि त्यातला एकही घशाखाली उतरायचा नाही. कंपनीत त्यांचं खरं आडनाव कुणाला आठवत नव्हतं, सगळे त्यांना चाखेसाहेब म्हणत.

निवृत्तीला वर्ष होत आलं आणि एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातलं यंत्र बेसिनमध्ये पडलं. मेंदूत कुठे तरी रक्ताची गुठळी अडकली होती. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं, गिळणं बिघडलं. पाणी दिलं की श्वासनळीत जाई आणि साहेब खोकून खोकून लालबुंद होत. म्हणून नाकातून पोटात नळी घातली होती. महिना झाला, सगळं त्या नळीतून चाललं होतं. ज्या माणसाच्या जिभेवर कंपनीचे सौदे ठरत, त्याचं जेवण आता जिभेला वळसा घालून जात होतं.

वहिनी आल्या होत्या त्या बोलण्यासाठी. डॉक्टरांनी चिठ्ठीवर 'वाचा उपचार' एवढंच लिहिलं होतं. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, कपडे धुण्याच्या खोलीला लागून, एक लहानशी खोली. भिंतीवर मोठा आरसा, कपाटात पन्नास तऱ्हेचे चमचे, आणि खुर्चीत ही मुलगी.

"आम्ही बोलणं शिकायला आलोय," वहिनी पुन्हा एकदा म्हणाल्या.

"काकू, बोलणं आणि गिळणं एकाच गल्लीत राहतात," मुलगी म्हणाली. "एकाच्या घरी गेलं की दुसऱ्याची कडी वाजवावीच लागते. आणि सध्या दुसऱ्याच्या घरी जास्त पडझड आहे."

घरी येऊन वहिनींनी धाकट्या भावाला फोनवर सगळं सांगितलं तेव्हा त्या मुलीचं नाव काही केल्या आठवेना. "अरे ती, ती गिळूबाई!" त्या म्हणाल्या, आणि तेच नाव पडलं.

गिळूबाईने सांगितलेली शिस्त वहिनींनी कागदावर उतरवून फ्रिजवर चिकटवली. ताठ बसायचं. लहान चमचा, अर्धा भरलेला. ओढायचं नाही, ओठांनी घ्यायचं. हनुवटी छातीकडे. जोर लावून गिळायचं, मग रिकामं पुन्हा एकदा गिळायचं. आणि शेवटी मोठ्याने 'आ' म्हणायचं. आवाज स्वच्छ आला तर घोट योग्य वाटेने गेला. आवाज ओला, गुळगुळ केल्यासारखा आला, तर काहीतरी वाटेत अडकलंय, तिथेच थांबायचं.

साहेबांची प्रगती झाली नाही असं नाही. कुस्करलेलं केळं ते दहा दिवसांत गिळायला लागले. उकडून घोटलेला बटाटाही गेला. पण चमच्यात पातळ दिसलं रे दिसलं की सुर्रर्र, डोळे बंद, मान डावीकडे. गिळूबाईने पेनांचा डबा हलवला तर टेबलाचा खण. खण बंद केला तर तिच्या कोटाचा खिसा.

"घास म्हणजे गिळायचा, चमच्यातला घोट म्हणजे थुंकायचा," गिळूबाई खिसा पिळत म्हणाली. "मेंदूचं इतकं नुकसान झालं, पण हा कायदा पठ्ठ्याने जपून ठेवलाय."

"मग पेल्यातून द्या ना! पाणी पेल्याने नीट प्यायचे ते."

"पेल्याने मोठा घोट जातो, सरळ फुफ्फुसात. चमच्यानेच शिकायचं, आणि चमच्यानेच ते शिकत नाहीत."

ह्या थुंकण्याशी वहिनींची जुनी ओळख होती.

लग्नाला चार दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. वहिनी पहाटे उठल्या, नव्या स्वयंपाकघरात भांडी हुडकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यासाठी चहा केला. कप हातात दिला. नवऱ्याने वास घेतला, सुर्रकन एक घोट ओढला, तोंडात फिरवला आणि वळून बेसिनमध्ये थुंकला. मग त्याच्या लक्षात आलं. "सवय गं! अगं, सवय!" तो म्हणाला, जीभ चावत. वहिनींनी कप विसळून ठेवला. त्यानंतर अडतीस वर्षांत त्यांनी साहेबांसाठी चहा ओतला नाही आणि साहेबांनी मागितला नाही. सकाळी वहिनी ओट्याशी उभ्या राहून आपला एक कप पीत, साहेब बाहेर वर्तमानपत्र वाचत. कुणी विचारलं तर वहिनी हसून सांगत, "दिवसभर चहातच असतात हो, घरी कंटाळा येतो त्यांना."

गिळण्यात तशा वहिनी मुळातच हुशार होत्या. आवंढा गिळला, राग गिळला, कित्येकदा तोंडावर आलेला शब्द गिळला, आणि मूग गिळून बसण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. साहेबांना मात्र कधी काही गिळावंच लागलं नव्हतं.

मग बोलणं परत यायला लागलं, आणि त्याने तर वहिनींच्या नाकी नऊ आणले.

पहिला शब्द डॉक्टरांच्या वाट्याला आला. एकदा मोठे डॉक्टर गिळूबाईच्या खोलीत डोकावले, घड्याळ बघितलं, फाइल बघितली, साहेबांकडे न बघता "छान, छान" म्हणाले. साहेबांनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "पोकळ."

वहिनींनी कपाळाला हात लावला. गिळूबाईने टाळ्या वाजवल्या.

"शब्द परत येतायत काकू! जे सगळ्यात जास्त वापरले, ते आधी वर येतायत."

आणि आले ते तेवढेच. पाणी हवं, उशी हवी, ह्यासाठी शब्द नाही. पण माणूस समोर आला की साहेब त्याला कप समजून एक शब्द लावून मोकळे. गिळूबाई 'उजळ'. ताप मोजणारी नर्स 'हिरवट'. परगावी असलेल्या लेकीचा फोन आला तेव्हा पडद्यावरचा तिचा चेहरा बघून साहेबांचे डोळे भरले आणि ते म्हणाले, "ताजा!" ती तिकडे रडली, वहिनी इकडे. वहिनींचा धाकटा भाऊ भेटायला आला, तासभर बसून दुसऱ्यांच्या आजारपणाच्या कथा सांगत राहिला. साहेबांनी धीर धरून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "शिळा." भाऊ आठवडाभर फिरकला नाही. वहिनींना त्याचं फारसं दुःख झालं नाही, कारण निकाल बरोबर होता.

पण वहिनींना शब्द मिळाला नाही. साहेब त्यांच्याकडे बघत, ओठ हलवत, कपाळाला आठ्या घालत आणि नजर वळवत. रोज आंघोळ घालणारी, नळीतून दर तीन तासांनी पेज सोडणारी, रात्री चार वेळा उठून उशी नीट करणारी बाई, आणि तिच्यासाठी काही नाही.

"सगळ्या जगावर शिक्के मारून झाले," वहिनी एकदा गिळूबाईला म्हणाल्या. "मीच तेवढी बिनशिक्क्याची."

"रागावू नका काकू. जवळच्या माणसासाठी शब्द शोधायला वेळ लागतो."

"अडतीस वर्षं झाली शोधायला," वहिनी म्हणाल्या, आणि लगेच विषय बदलला.

सहाव्या आठवड्यात पोकळ डॉक्टरांनी मुदत दिली. नाकातली नळी आता फार दिवस ठेवता येणार नाही. गुरुवारी गिळण्याचा एक्स-रे काढू. पातळ घोट नीट गिळता आला तर ठीक. नाही तर पोटाला छोटं भोक पाडून तिथून कायमची नळी बसवू. "साधी शस्त्रक्रिया आहे," डॉक्टर म्हणाले, "तुमचीही दगदग वाचेल."

वहिनींना दगदग वाचवायची नव्हती. पोटातली नळी म्हणजे त्या जिभेला कायमची रजा, हे त्यांना कळत होतं. साहेबांनाही कळलं असावं, कारण त्या दिवशी त्यांनी कुणालाच शब्द लावला नाही. वहिनींनी घरी तालीम सुरू केली. सकाळ-संध्याकाळ चमचा, पावडर घालून दाट केलेलं पाणी आणि गिळूबाईसारखा गोड आवाज. "गिळा हं. गिळा ना." साहेब सुर्रकन ओढत, फिरवत, थुंकत. "खळ," असा निकालही देत. पुस्तकाला लावायची खळ. वहिनींनी चाखून बघितलं तर चव तशीच होती.

गुरुवारी एक्स-रेची खोली थंडगार होती. साहेबांना यंत्रापुढे खुर्चीत ताठ बसवलं. गिळूबाई शिशाचा जडशीळ एप्रन घालून त्यांच्याजवळ उभी राहिली. जाड काचेच्या अलीकडे छोट्या कोठडीत यंत्र चालवणारे काका, मोठे डॉक्टर आणि कोपऱ्यात स्टुलावर वहिनी. समोरच्या पडद्यावर साहेबांची कवटी, मानेचे मणके आणि नाकातून गेलेली नळी राखाडी रंगात दिसत होती. नवरा आतून असा दिसतो हे वहिनींना पहिल्यांदाच कळलं, आणि तो तसाही त्यांना ओळखू आला.

"हे पांढरं औषध आहे साहेब, पडद्यावर काळं दिसेल," काचेपलीकडून गिळूबाईचा आवाज आला. "हनुवटी खाली. ओठांनी घ्या. आणि गिळा."

सुर्रर्र. पडद्यावर एक काळा ढग तोंडात शिरला, तिथेच गोल गोल फिरला आणि आल्या वाटेने बाहेर गेला.

"खडू," साहेब म्हणाले.

"पुन्हा एकदा," गिळूबाई म्हणाली. चमचा पुढे झाला. "गिळा हं साहेब, गिळा."

सुर्रर्र. ढग आला, फिरला, गेला. गिळूबाईने ह्या वेळी आधीच ट्रे धरला होता.

डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. "गिळण्याची क्रिया सुरूच होत नाहीये. शेवटचा प्रयत्न करा आणि थांबवा. बाहेर अजून चार जण आहेत." मग त्यांनी फाइल उघडून लिहायला घेतलं, आणि काय लिहितायत ते वहिनींना स्टुलावरून वाचता येत होतं.

तिसरा चमचा पुढे झाला. ढग तोंडात आला. गाल फुगले, डोळे मिटले. साहेबांची मान हळूहळू डावीकडे वळायला लागली, आणि काकांचा हात बटण बंद करायला निघाला.

वहिनी उठल्या. काकांच्या समोर एक माइक होता, त्याला लाल बटण होतं. ते कुणाला विचारून दाबायचं असतं वगैरे त्यांच्या मनातही आलं नाही. त्यांनी बटणावर तळहात मारला आणि ओट्यापासून ओरडावं तशा ओरडल्या,

"परीक्षा पुरे झाली! गिळा एकदाचं!"

साहेब दचकले. मान जागच्या जागी थांबली, हनुवटी छातीला टेकली, आणि पडद्यावरचा ढग एका झटक्यात मागे सरकला, त्याने एक वळण घेतलं, श्वासनळीचं दार झाकलं गेलं आणि ढग तिला चुकवून, सरळ खाली, पोटाच्या वाटेला लागला. थोडासा मागे रेंगाळला होता. साहेबांनी न सांगता पुन्हा एकदा गिळलं आणि तोही गेला.

मग काकांनी बसल्या बसल्या वहिनींना सलाम केला. "माझ्या घरी पण असंच चालतं," ते म्हणाले.

"अजून एक," डॉक्टर म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. "बाई, तुम्ही... म्हणजे, परत तसंच म्हणाल का?"

वहिनी परत तसंच म्हणाल्या. एकूण सहा वेळा म्हणाल्या. काचेपलीकडे गिळूबाई हसून हसून एप्रनच्या भाराने वाकली होती. सहापैकी सहा घोट योग्य वाटेने गेले. डॉक्टरांनी आधी लिहिलेली ओळ खोडली आणि खोडून झाल्यावर पहिल्यांदाच साहेबांच्या डोळ्यांत बघून "शाब्बास" म्हणाले. साहेबांनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "बरा," ते म्हणाले.

"सहा आठवडे मी उगाच गोड बोलत बसले," बाहेर आल्यावर गिळूबाई म्हणाली. "काकू, तुम्ही मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"असलं कुणी परक्याला सांगतं का?" वहिनी म्हणाल्या.

नाकातली नळी आणखी आठवडाभर राहणार होती, पण पोटाला भोक पाडायचं रद्द झालं. गिळूबाईने नवा कागद दिला. रोज पातळ द्रवाचे पाच चमचे, लहान, अर्धे भरलेले, कुणीतरी समोर बसून. पाचच. काय द्यायचं ते घरच्यांनी ठरवायचं. "त्यांना आवडेल असं काहीतरी द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी ओट्याशी उभ्या राहिल्या. पाणी उकळलं. त्यांनी चहाची पावडर टाकली, आणि मग नेहमीसारखाच चहा जरा जास्तच उकळू दिला, कारण त्यांना तसाच आवडायचा आणि आता ह्या वयात परीक्षेसाठी पद्धत बदलण्यात त्यांना राम वाटेना. एक कप ओतला, थोडा निवू दिला, आणि साहेबांच्या खुर्चीच्या डाव्या बाजूला स्टूल ओढून बसल्या. बेसिन त्यांच्या पाठीमागे होतं. मुद्दाम तसं बसल्या होत्या.

साहेबांनी कपाकडे पाहिलं. मग वास घेतला. मग वहिनींकडे पाहिलं. त्यांनाही तो पहिला कप आठवला असावा, कारण त्यांचे कान लाल झाले.

पहिला चमचा. साहेबांनी ओढला नाही, ओठांनी घेतला. तोंडात फिरवला. वहिनी ओरडायच्या तयारीत होत्या, 'गि' जिभेवर आला होता. साहेबांची मान सवयीने डावीकडे वळली आणि तिथे पिकदाणी नव्हती, वहिनी होत्या. साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. हनुवटी खाली गेली. गळ्यातली घाटी वर सरकली, खाली आली. पुन्हा एकदा वर, पुन्हा खाली.

"'आ' म्हणा," वहिनी पुटपुटल्या.

"आ," साहेब म्हणाले. आवाज स्वच्छ होता.

दुसरा. तिसरा. चौथा. एकदाही ओरडावं लागलं नाही. वहिनी काही विचारत नव्हत्या. कडक म्हणतील, भाजका म्हणतील, उकळून मारलाय म्हणतील, म्हणू देत. पोटात गेला होता, अडतीस वर्षांनी का होईना त्यांचा चहा नवऱ्याच्या पोटात गेला होता. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि एका हातात चमचा, दुसऱ्या हातात कप, त्यामुळे पुसता येत नव्हतं.

पाचवा चमचा गेला. घाटी वर, खाली. पुन्हा वर, खाली.

"'आ' म्हणा."

"आ," साहेब म्हणाले. पण तोंड मिटलं नाही. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले, जीभ काहीतरी शोधत राहिली. "आ... आण..."

वहिनींनी चमचा हवेतच धरला.

"आणखी," साहेब म्हणाले.

हा शब्द त्या लांबलचक खोलीतला नव्हता. तिथे कुठल्याच कपाला कुणी आणखी म्हणत नसे. वहिनींनी कप खाली ठेवला, मनगटाने डोळे पुसले, आणि फोन उचलून गिळूबाईचा नंबर लावला.

"सहावा चमचा चालेल का गं?"

"खोकला आला?" तिकडून झोपाळू आवाज आला.

"नाही."

"'आ' कसा आला?"

"स्वच्छ," वहिनी म्हणाल्या. "पण ते 'आ'वर थांबले नाहीत. 'आणखी' म्हणाले."

पलीकडून गिळूबाईने नाक ओढल्याचा आवाज आला.

"द्या काकू," ती म्हणाली. "आज द्या."